पाच हजारांचा आजार

बारामतीहून काटेवाडी, भवानीनगरमार्गे इंदापूरकडे निघालं, की शहर मागे पडता पडता पिंपळी लागतं. या गावातल्या लता करे शेतमजुरी करायच्या. २०१३-१४च्या सुमारास त्यांचे पती भगवान करे आजारी पडले आणि डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला. खर्च पाच हजारांच्या घरात. तेवढे पैसे घरात नव्हते. त्याच दिवसांत बारामतीत शरद मॅरेथॉन भरणार होती आणि ज्येष्ठांच्या गटात पहिलं बक्षीस होतं पाच हजार रुपये. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या.

गोष्ट गाजली. तेलंगणातले दिग्दर्शक नवीन देशबोइना यांनी तिच्यावर ‘लता भगवान करे’ हा मराठी चित्रपट काढला आणि लताबाईंनी स्वतःची भूमिका स्वतःच केली. मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या कामाचा विशेष उल्लेख झाला. पुढच्या दोनच महिन्यांत, मे २०२१ मध्ये, भगवान करे कोरोनाने गेले.

ही गोष्ट सांगताना आपण जिद्दीबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. या प्रकरणात मात्र त्या गोष्टीतल्या रकमेकडे पाहायचं आहे. पाच हजार रुपये. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण असली मोठी नावं इथे नाहीत. एक तपासणी आहे. तीही आजार बरा करणारी नव्हे, आजार काय आहे ते सांगणारी. त्या तपासणीसाठी एका बाईला शर्यत जिंकावी लागली. गंभीर आजाराचा खर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाखांचं बिल येतं. प्रत्यक्षात बहुतेक घरं त्या बिलापर्यंत पोचण्याआधीच वाकलेली असतात.

भीमेच्या दोन काठांवर

गरिबाच्या मोठ्या आजाराचा खर्च सरकारने उचलावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९९७ मध्ये जीवनदायी योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी, आणि हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोजक्या आजारांपुरती. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मुंबईचे दोन्ही जिल्हे, रायगड, धुळे, नांदेड, अमरावती, गडचिरोली आणि सोलापूर. पुणे जिल्हा त्या यादीत नव्हता.

इंदापूर तालुक्याचा नकाशा पाहिला की याचा अर्थ नीट कळतो. तालुक्याच्या कडेने भीमा वाहते, उजनीचं पाणी पसरलेलं असतं, आणि पलीकडच्या काठाला करमाळा, माढा म्हणजे सोलापूर जिल्हा. ऊस तोच, पाणी तेच, सोयरीकही इकडची तिकडे. पण २१ नोव्हेंबर २०१३ रोजी उरलेल्या जिल्ह्यांत योजना पोचेपर्यंत जवळजवळ सतरा महिने पलीकडच्या काठावरच्या पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर दीड लाखापर्यंतचे उपचार फुकट होते आणि अलीकडच्या काठावर नव्हते.

पुढे एप्रिल २०१७ मध्ये योजनेचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची पाच लाखांचं संरक्षण देणारी आयुष्मान भारत योजना आली. १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र चालू लागल्या. २८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकेसह सगळ्याच कुटुंबांना दारं उघडली आणि मर्यादा वर्षाला पाच लाखांवर नेली. अंमलबजावणी २०२४ मध्ये सुरू झाली. कागदावर पाहिलं तर महाराष्ट्रातला प्रत्येक रहिवासी आज मोठ्या आजाराच्या खर्चापासून सुरक्षित आहे. मग बारामतीच्या किंवा इंदापूरच्या दवाखान्याबाहेर बसलेल्या माणसाच्या तोंडी अजूनही एकच प्रश्न का असतो?

तो प्रश्न म्हणजे, “योजनेत बसतंय का?”

‘बसतंय का’ या दोन शब्दांत योजनेची सगळी रचना आली. योजनेत आजारांची नव्हे, उपचारांची यादी असते. २०२३च्या निर्णयाने एकत्रित योजनेतली ही यादी १,३५६ उपचारांपर्यंत गेली. प्रत्येकाला ठरलेली रक्कम, म्हणजे पॅकेज. यादीतला उपचार, यादीतलं रुग्णालय आणि रुग्ण भरती झालेला, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या की रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावरून कागद पुढे सरकतो. शिधापत्रिका, आधार आणि रिपोर्ट घेऊन मंजुरी मागवली जाते. मंजुरी आली की उपचार, जेवण, घरी जाण्याचं भाडंसुद्धा त्यात येतं. हे चालतं तेव्हा उत्तम चालतं. ज्या घरातल्या माणसाची बायपास एक रुपया न देता झाली, त्या घरात या योजनेबद्दल वाकडा शब्द ऐकायला मिळत नाही.

अडचण त्या कागदांतल्या तिसऱ्या वस्तूची आहे. मंजुरी रिपोर्टवर मिळते. छातीत कळ येते म्हणून योजना पैसे देत नाही, हृदयाच्या नळीत अडथळा दिसला म्हणून देते. तो अडथळा दिसेपर्यंतचा प्रवास बहुतेक वेळा रुग्णाच्या खिशातून होतो. आधी गावातल्या डॉक्टरांची दोन-तीन इंजेक्शनं, मग तालुक्याला ईसीजी आणि रक्त, मग ‘एकदा टूडी इको करून घ्या’, मग एमआरआय नाहीतर सीटी. भरती झाल्यावरच्या तपासण्या पॅकेजमध्ये धरल्या जातात. पण भरती व्हायचं की नाही, हेच ठरवणाऱ्या तपासणीला बहुधा वाली नसतो. नाटकगृहात प्रयोग मोफत आहे, पण दारापर्यंत नेणारी गाडी तुमची तुम्ही करा, तसला हा प्रकार.

एमआरआय घ्यायला निघालेला माणूस भरती झालेला नसतो. त्याच्यावर कोणता उपचार करायचा, हे अजून कोणाला माहीत नसतं. त्यामुळे तो कोणत्याही यादीत ‘बसत’ नाही. पाच हजारांची पोकळी नेमकी इथे आहे.

उसाचं पंचांग, आजाराचं पंचांग

ही पोकळी बारामती-इंदापूरसारख्या सधन म्हणवल्या जाणाऱ्या भागातही का टोचते, हे कळायला इथल्या पैशाची चाल पाहावी लागेल. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, आणि पुढे सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडे कर्मयोगी आणि नीरा-भीमा असे साखर कारखाने उभे राहिले. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावायचा आणि सोळा ते अठरा महिन्यांनी तोडायचा. तोड झाल्यावर बिल हप्त्याहप्त्यांनी. सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होतं, उरलेलं खात्यावर येतं. शेतकऱ्याकडे पैसा असतो, पण तो रानात उभा असतो.

आजाराचं पंचांग वेगळं. मूत्रपिंडं निकामी झाली तर आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा डायलिसिस. ऊस तुटेपर्यंत थांबतो म्हणणारं मूत्रपिंड अजून जन्माला आलेलं नाही. आता डायलिसिस योजनेत बसतं, आणि केंद्राच्या २०१६च्या कार्यक्रमानंतर सरकारी रुग्णालयांतही डायलिसिसची सोय वाढली आहे. म्हणजे उपचार फुकट आहे असं धरून चालू, आणि मग एक हिशेब मांडू.

समजा, इंदापूर तालुक्यातल्या एका वाडीवरून एक रुग्ण आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. वर्षाला १०४ खेपा. सोबत घरचं एक माणूस लागतंच, कारण परत येताना रुग्णाला उभं राहवत नाही. त्या माणसाची रोजची मजुरी ४०० रुपये धरू. वर्षाला ४१,६०० रुपये बुडाले. दोघांचा येण्याजाण्याचा आणि चहा-बिस्किटाचा खर्च खेपेला २०० रुपये धरला, तर २०,८०० झाले. बेरीज ६२,४००. यात रुग्णाची स्वतःची बुडालेली मजुरी नाही, रक्तवाढीची इंजेक्शनं नाहीत, बाहेरून आणायला सांगितलेल्या गोळ्या नाहीत. आणि हे सगळं फुकट उपचारांचं बिल आहे.

हे पैसे येतात कुठून? आधी हातउसने. मग बचत गट, पतसंस्था. मग सोनं तारण ठेवायचं, आणि ते सुटत नाही असं दिसलं की मोडायचं. मग गोठ्यातली दुभती गाय. सावकाराकडे जायची वेळ आली की भाषा बदलते. तिथे टक्के वर्षाचे नसतात, महिन्याचे असतात. ‘शेकडा तीन’ म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. ५०,००० घेतले तर वर्षाचं व्याज १८,००० आणि मुद्दल जिथल्या तिथे. शेवटी रस्त्याकडेचे चार गुंठे. ही उतरंड एका दिवसात कोसळत नाही. एकेक मडकं निघत जातं आणि आजारी माणूस अंथरुणावरून ते पाहत असतो. म्हणूनच कित्येक म्हातारी माणसं दुखणं अंगावर काढतात. “मला काय झालंय, वयच झालंय” हे वाक्य अनेकदा घरच्या जमाखर्चाचं असतं.

देशाचं खातं

एका घराचा हिशेब झाला. आता देशाचा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, ग्रामीण भागात सरकारी रुग्णालयात एकदा भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च ४,२९० रुपये होता आणि खासगीत २७,३४७. बाळंतपणं यात धरलेली नाहीत. सरकारी रुग्णालयातही साधारण चार हजार लागत होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. याच पाहणीत ग्रामीण भागातला भरतीचा जवळजवळ ८० टक्के खर्च घरच्या मिळकतीतून आणि शिलकीतून, तर १३ टक्के कर्जातून भागवलेला दिसला.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून गेलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. लताबाई धावल्या त्या काळात शंभरातले चौसष्ट रुपये लोक स्वतः भरत होते. ही घट खरोखर एवढी आहे का, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. सरकारी खर्च वाढला हे मात्र खरं. त्याच लेख्यांत तो देशाच्या एकूण उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेलेला दिसतो. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्याआधी २०११ मध्ये डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटानेही साधारण तेवढाच आकडा सांगितला होता, आणि पहिल्या शिफारशींत मोफत आवश्यक औषधं ठेवली होती. कारण खिशातून जाणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा ऑपरेशनच्या टेबलावर जात नाही. तो औषधांच्या दुकानात आणि भरती न होता घेतलेल्या उपचारांत जातो.

एक शहर, पाच नियम

एकाच आजाराची पाच माणसं बारामतीत उभी करू.

पहिला औद्योगिक वसाहतीतल्या नोंदणीकृत कारखान्यात कामाला आहे, पगार २१,००० च्या आत. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत त्याला साध्या तापापासून शस्त्रक्रियेपर्यंत उपचार मिळतात. शिवाय आजारपणाच्या रजेत ठरावीक दिवस पगाराचा ७० टक्के भाग हातात येतो. या योजनेबद्दल कामगारांच्या तक्रारी पुष्कळ असतात, पण तिचा आराखडा पाहा. तपासणी, औषध, ऑपरेशन आणि बुडालेली मजुरी, चारही गोष्टी त्यात आहेत. ही योजना निघाली ती १९४८च्या कायद्यातून.

दुसरा उपजिल्हा रुग्णालयात जातो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरसकट सगळं मोफत झालं आहे. तिसरा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातो. बारामतीत २०१९ मध्ये सुरू झालेलं, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचं नाव असलेलं महाविद्यालय आहे. पण वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या खात्याची. २०२३चा तो निर्णय त्यांना लागू नव्हता. दोन्ही सरकारीच, मात्र खिडकीवरचा नियम खात्यानुसार बदलतो, आणि रुग्णाला खातं कसं कळणार?

चौथा पुण्यातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात पोचतो. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार २००६ पासून अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. आणि ‘खाट शिल्लक आहे’ हे उत्तर मिळायला बहुधा कोणाचा तरी फोन.

पाचव्याचा उपचार कुठेच बसत नाही. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन नेत्याच्या दारात उभा राहतो, शिफारसपत्र मिळवतो आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधीला अर्ज करतो. आपल्याकडचं राजकारण या पिशव्यांवर बरंच चालतं. काम झालं तर माणूस जन्मभर उपकार मानतो. उपचार हा हक्क असता तर उपकार कोणाचे मानायचे, हा प्रश्न त्या रांगेत कोणी विचारत नाही, कारण तिथे आलेल्याला वादात नव्हे, औषधात रस असतो.

विमा की दवाखाना

‘सर्वांसाठी आरोग्यसेवा’ या वादात दोन्ही बाजूंचे लोक एकच घोषणा देतात आणि मागतात मात्र वेगवेगळं. एका बाजूचं म्हणणं असं, की सरकारने पैसे द्यावेत, उपचार कुठे घ्यायचा हे रुग्णाने ठरवावं. खासगी डॉक्टर आणि खाटा आधीच आहेत. सरकारी इमारत बांधून, पदं भरून, यंत्र आणून ते सुरू होईपर्यंत रुग्ण थांबणार आहे का? यात तथ्य आहे. आज बायपास लागलेल्या माणसाला पुढच्या पंचवार्षिकातलं रुग्णालय उपयोगाचं नाही.

दुसरी बाजू म्हणते, पैसे भरतीवर दिले की भरत्याच वाढतात, आजार टाळण्यात कोणाला रस उरत नाही. जन आरोग्य अभियानात काम करणारे पुण्याचे डॉ. अनंत फडके यांच्यासारखे अभ्यासक कित्येक वर्षं मांडत आले आहेत, की सार्वजनिक व्यवस्था भक्कम करावी आणि खासगी सेवेवर नियमन आणावं. रुग्णालयांचीही बाजू आहे. पॅकेजचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा मिळतात, म्हणून छोटी रुग्णालयं योजनेत यायला कचरतात.

हा वाद आपला आपल्यापुरता नाही. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू करणारे मंत्री अन्युरिन बेव्हन वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणगावातले. तिथले कामगार आपल्या मजुरीतून थोडी थोडी वर्गणी काढून सगळ्या गावाचे डॉक्टर आणि औषधं चालवत. बेव्हन यांनी तोच नमुना देशाला लावला. उसाच्या बिलातून टनामागे कपात ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्या कारखान्याच्या सभासद शेतकऱ्यांना ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. शेजारच्या कर्नाटकात २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी यशस्विनी योजना निघाली. महिन्याला पाच रुपयांत शस्त्रक्रियांचं संरक्षण. तीही शस्त्रक्रियेपाशीच अडली, पण सहकारातून आजाराचं ओझं वाटून घेता येतं हे तिने दाखवलं.

सगळ्यात उपयोगी उदाहरण थायलंडचं. २००२ मध्ये त्या देशाने सर्वांना संरक्षण दिलं आणि भेटीमागे फक्त ३० बाथ घेतले. त्यांना ते जमलं, कारण त्याआधीची दोन-तीन दशकं त्यांनी तालुक्यातालुक्याला रुग्णालयं बांधली होती. कार्ड नंतर आलं, दवाखाना आधी. आणि कार्ड दाखवून बाह्यरुग्ण विभागातली तपासणी, गोळ्याही मिळत होत्या.

आपल्याकडे हा आराखडा नव्हता असं नाही. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये हे तत्त्व मांडलं आणि गावापासून जिल्ह्यापर्यंतची साखळी आखली. प्राथमिक आरोग्य केंद्र त्यातूनच आलं. तीस हजार लोकांमागे एक केंद्र, त्यावर तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, ही साखळी भिगवणलाही दिसते आणि इंदापूरलाही. भिंती आहेत, पाटी आहे, आणि रक्ताच्या अनेक तपासण्या ‘महालॅब’ या तपासणी सेवेमुळे तिथे फुकट होऊ लागल्या आहेत. पुढची पायरी तिथेच आहे. निदानाच्या मोठ्या तपासण्या आणि रोजची औषधं त्या खिडकीवर मिळाली, तर पाच लाखांचं कार्ड ज्यांना खरंच लागतं त्यांच्यापर्यंत वेळेत पोचेल. आज ते उशिरा पोचतं. रक्तदाबाच्या गोळ्या परवडल्या नाहीत म्हणून अर्धांगवायू झाला, की मग सरकार हजारो रुपयांचं पॅकेज मंजूर करतं.

विमा की दवाखाना, या प्रश्नाचं उत्तर म्हणून दोन्ही लागतील. पण क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो क्रम ठरवायला पिंपळीची गोष्ट पुरेशी आहे. पतीच्या शेजारी बसलेल्या लताबाईंपुढे त्या दिवशी पाच लाखांचा प्रश्न नव्हता. कागदावर एका तपासणीचं नाव लिहिलेलं होतं आणि ती कुठे, किती रुपयांत होते, एवढंच त्यांना सांगितलं गेलं होतं. सर्वांसाठी आरोग्यसेवा आली की नाही, हे ओळखायचं असेल तर तीच चिठ्ठी घेऊन एखाद्या शेतमजूर बाईबरोबर तालुक्याच्या रुग्णालयात जावं. “उद्या सकाळी उपाशीपोटी या, तपासणी इथेच होईल,” असं उत्तर मिळालं, तर आली. “बाहेरून करून आणा” असं मिळालं, तर पुढच्या शर्यतीची तारीख विचारून ठेवावी लागेल. आणि त्या शर्यतीत पहिलं बक्षीस एकच असतं.